नाव नको, खूण सांगा

आमच्या ऑफिसात सर्जेराव दडस म्हणून एक गृहस्थ होते. त्यांना फोन करून कुणी "दडससाहेबच का?" असं विचारलं, तर साधं 'हो' म्हणायची रीत त्यांना ठाऊक नव्हती. फोन कानापासून वीतभर लांब धरून ते ओरडायचे, "कोन्ता दडस? नाव नगं, खूण सांगा!"

आता कुरिअरवाला बिचारा काय खूण सांगणार? तो म्हणायचा, "साहेब, पार्सल आहे तुमचं." "आसंल. पर आमच्या माण तालुक्यात सर्जेराव दडस चार हायत. त्यातला एक वारलाय. त्येचं आसलं तर?" असं करून एक पार्सल तीनदा पुण्याला परत गेलं. त्यात हजेरीचं अंगठा लावायचं मशीन होतं, हे नंतर कळलं. तेवढ्यापुरते सगळ्या ऑफिसनं दडसांचे आभार मानले.

माझ्या चुलत दिराच्या लग्नात तर त्यांनी कहर केला. साताऱ्यातलं मंगल कार्यालय, वर एक लग्न, खाली एक लग्न, आणि दोन्हीकडच्या नवरदेवांचं नाव सागर. दडस आहेराचं भिंतीवरचं घड्याळ काखेत मारून रांगेत उभे. स्टेजवर चढले आणि मला म्हणाले, "म्याडम, नवरदेवाची खूण काय?" मी म्हटलं, "अहो, डोक्याला फेटा, गळ्यात हार, आणखी काय खूण पाहिजे?" "खालच्याला बी त्योच फेटा हाय." मग या माणसानं दोन बोटांनी नवरदेवाच्या मुंडावळ्या बाजूला केल्या. कानापाशी लहानपणी भाजल्याचा डाग दिसला, तेव्हा कुठं घड्याळ हातातून सुटलं. नवरीकडच्या मामांना वाटलं, वॉरंट घेऊन पोलीस आलाय.

आम्हा सगळ्यांच्या खुणा त्यांनी एका वहीत लिहून ठेवल्या होत्या. माझ्या नावापुढं लिहिलं होतं, 'खोटं बोलताना ओढणीचा शेव पिळते.' मी ते वाचलं त्या दिवसापासून ऑफिसला साडी नेसून जायला लागले.

तुम्ही म्हणाल, माणूस जरा सटकलेला दिसतोय. आम्हीही तेच म्हणायचो. पण ते असे जन्मले नव्हते. ते असे झाले. कशानं झाले, ते मला माहीत आहे, आणि आज तेच सांगायला बसलेय. हसून झालं असेल तर पुढचं ऐका.

आमची संस्था टीबीच्या फिरस्त्या रोग्यांसाठी काम करते. मेंढपाळ, ऊसतोडे, वीटभट्टीवाले. आज माणमध्ये, महिन्यानं कराडकडं, पुढच्या महिन्यात आणखी कुठं. दवाखान्यातनं मिळणारं गोळ्यांचं पाकीट दर महिन्याला त्यांच्या पालापर्यंत पोचवायचं, एवढंच काम. ऐकायला सोपं आहे. टीबीच्या गोळ्या सहा महिने न चुकता घ्याव्या लागतात. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगात जीव येतो, माणसाला वाटतं झालो बरा. तिथं गोळ्या सुटल्या की रोग उलटतो, आणि उलटलेला रोग माणूस घेऊन जातो. म्हणजे आमच्या यादीत नाव आहे तोवर पाकीट जातं, नाव गेलं की पाकीट गेलं.

आणि याद्या होत्या दोन. एक आमची साताऱ्याची, एक सांगली ऑफिसची. साताऱ्याची यादी बनवली एका कंप्युटर क्लासवाल्यानं, सांगलीची बनवली एका डॉक्टरच्या भाच्यानं, आणि दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. आमच्याकडं आडनाव आधी, त्यांच्याकडं नाव आधी. आमच्याकडं रोग्याला नंबर, त्यांच्याकडं मोबाइल हाच नंबर, आणि मेंढपाळाचा मोबाइल म्हणजे आज बापाकडं, उद्या मेव्हण्याकडं. मेंढरं मात्र जिल्ह्याची हद्द बघून चरत नाहीत. एकच माणूस दोन्हीकडं लागायचा, नाहीतर कुठंच लागायचा नाही.

मग पुण्याच्या मुख्य ऑफिसनं एक सॉफ्टवेअर घेतलं. त्यात दोन्ही याद्या आणून शेजारी ठेवायच्या आणि कशावरून जुळवायचं ते सांगायचं. मधे साखळीचं बारकं चित्र येतं. साखळी केशरी झाली की याद्या जुळल्या, करडी राहिली की तुटक्या. मग पडद्यावर जिल्ह्याचा नकाशा, रंगीत गोळे, हिरवे बरे झालेले, पिवळे चालू असलेले, लाल सुटलेले. यातली एक यादी थोरली मानायची, एक धाकटी. आमची थोरली. घरातल्या जावांसारखंच, थोरलीच्या पंगतीत नाव असेल तरच धाकटीचं वाढलं जाणार. आणि थोरलीतल्या एका नावाला धाकटीत दोन नावं जुळली, तर सॉफ्टवेअर गोंधळतं. तिथं ते काहीच लिहीत नाही, नुसती एक चांदणी काढतं. म्हणजे, बाबांनो, इथं दोन आहेत, कोणता घेऊ ते तुम्ही सांगा.

हे चालवायला माणूस आला तो दडस. माणदेशातला धनगर, सैन्यात सतरा वर्षं क्लार्क, हवालदार होऊन रिटायर. मिशा अशा की खोलीत आधी त्या यायच्या. आवाज बंब पेटल्यासारखा. तेव्हा हा माणूस खूणबीण विचारत नव्हता. झपाझप याद्या जुळवायचा आणि संध्याकाळी सगळ्या साखळ्या केशरी झाल्या की खुर्चीतून उठून ताठ उभा राहायचा. "गिनती पूरी!" अख्खा मजला दचकायचा. खालचा चहावाला त्यावरून घड्याळ लावायचा.

त्यांचा नियम असा, नाव, बापाचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख जुळली की माणूस एक. पुण्याचे अनिकेतसर, म्हणजे आमचे वरचे साहेब, त्यांनीच तो नियम घालून दिलेला. नियम बरोबर होता, फक्त आमच्या भागाला लागू नव्हता. आमच्याकडं गुरुजींनी शाळेत नाव घालताना पोरगं उचलून बघितलं, वजनावरून वर्ष धरलं, आणि तारीख टाकली एक जून. निम्मा तालुका एक जूनला जन्मलेला. अनिकेतसरांनी तो आकडा पाहून मला फोनवर विचारलंही होतं, "मॅडम, तुमच्याकडे जूनमध्ये काही विशेष कारण असतं का?" मी काय सांगणार, कप्पाळ!

तर एके दिवशी दुपारी चांदणी पडली. बिरा धुळा गोरड. जन्म एक जून, वर्षही तेच. साताऱ्याच्या यादीत एक, सांगलीच्या यादीत दोन. त्या दोनांपैकी एकाचे सहा महिने पूर्ण, दुसऱ्याचे दोनच झालेले. मी डबा खात होते. मटकीची उसळ होती, माणसाला काय काय लक्षात राहतं बघा. दडस तिकडून म्हणाले, "म्याडम, तुमी फोनवर आसता. ह्ये बिरा गोरड दोन हायत का एकच?"

मी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. म्हटलं, "एकच असणार हो. फिरती माणसं, दोनदा नाव लागलं असेल. करून टाका एक."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी दोघांचा एक केला. चांदणी गेली, गोळा हिरवा झाला, संध्याकाळी गिनती पुरी झाली.

यानंतर तीन आठवड्यांनी फोन आला. फोन माझ्याच टेबलावर. "आवं बाई, मी बिरा गोरड बोलतोय. ह्या म्हैन्याला गोळ्या आल्या न्हाईत. संपून आठ दीस झालं." मी पडद्यावर नाव टाकलं. हिरवं होतं. मी म्हटलं, "बिराभाऊ, तुमचा कोर्स पूर्ण झालाय. आता गोळ्या घ्यायची गरज नाही. तुम्ही बरे झालात, अभिनंदन!"

"व्हय का?" तो एवढा खूश झाला की फोन कानाला धरूनच बायकोला सांगितलेलं मला ऐकू आलं. "आगं, बरा झालो म्हनं मी! कंप्यूटरात आलंय!" मग मला म्हणाला, "लय उपकार झालं बाई." मी म्हटलं, "काळजी घ्या." ठेवून दिला फोन.

तो पावसाळ्यात गेला. शिरवळच्या पुढं रस्त्याकडेच्या पालात. सांगलीवाल्यांनी त्यांच्या यादीत 'मृत' लिहिलं. आमच्याकडं 'बरा' होताच. एका नावाला दोन गोष्टी जुळल्या, म्हणून पडद्यावर त्याच नावावर पुन्हा चांदणी आली. त्या चांदणीवरून आम्हाला कळलं की बिरा धुळा गोरड दोन होते. एक आटपाडीकडचा, तो बरा होऊन मेंढरं राखत होता. दुसरा हा.

दडस त्या दिवशी संध्याकाळी उठून उभे राहिले नाहीत. खालच्या चहावाल्यानं वर येऊन विचारलं, "आज झाली न्हाई का गिनती?" दडसांनी पडदा बंद करून पिशवी उचलली. पुढंही 'गिनती पूरी' असं ते कधी ओरडले नाहीत.

पुण्याहून खुलासा मागवला गेला. दडसांनी एक पान लिहून पाठवलं. त्यात काय लिहिलंय ते मी विचारलं नाही. मला वाटलं, माझंही नाव असणार, आज ना उद्या पत्र येईल. माझ्या नवऱ्याची शिरवळची कंपनी तेव्हा नुकती बंद पडली होती. दोन पोरी, एक दहावीला. रोज सकाळी मी सगळ्यांच्या आधी येऊन टपाल उघडायचे. पत्र आलं नाही. महिना गेला, दोन गेले. मी मनाशी म्हटलं, मिटलं असेल. आणि गप्प बसले. हे मी आज बसून सांगतेय तरी मला त्याची लाज वाटते.

त्यानंतर दडसांनी खूण सुरू केली. यादीत एक नवा रकाना घातला, 'खूण'. सकाळपासून फोन घेऊन बसायचे, एकेका रोग्याला विचारायचे. "नाव नगं गड्या, नाव हाय माझ्याकडं. खूण सांग." पलीकडच्या माणसाला वाटायचं, जनावराच्या विम्याचा फोन आहे. पण लोक सांगायचे. त्या रकान्यात काय काय होतं! 'आधी खोकतो, मग हॅलो म्हणतो.' 'उजव्या हाताला साडेचार बोटं.' 'बोकडाला साहेब म्हणते.' 'नवऱ्याचं नाव विचारलं की हसते.' ही शेवटची त्यांनी खोडली होती आणि बाजूला लिहिलं होतं, 'ही खूण नव्हे. सगळ्याच हसतात.'

एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो दडस, माणसांना नावं कशाला ठेवतात मग?"

ते म्हणाले, "माझा आज्जा तीनशे मेंढरं तोंडावरनं वळखायचा. एक चुकलं तर तांबडं फुटायच्या आत सांगायचा, कान कापलेलीचं काळं कोकरू न्हाई आलं. मेंढराला नाव नसतंय म्याडम. म्हनून त्येच्यात घोळ हुत न्हाई."

सकाळभरात होणारं काम महिना महिना चालायला लागलं. पुण्याचा पडदा चांदण्यांनी भरला. अनिकेतसरांचे फोन यायला लागले. त्यांच्याकडं देणगी देणारे लोक नकाशा बघायला यायचे आणि नकाशावर साताऱ्याच्या पूर्वेला नुसत्या चांदण्या. वर ते 'खूण' नावाचं प्रकरण. एका बाईंनी विचारलं म्हणे, "बोकडाला साहेब म्हणते, हा कुठला निकष?" शेवटी हुकूम आला, शुक्रवारी अनिकेतसर स्वतः येणार. तोवर उरलेल्या चांदण्या मिटवा. नाही मिटल्या तर सॉफ्टवेअर आपलं आपण जुळवेल. नावं ऐंशी टक्के सारखी दिसली की एक.

"ऐंशी टक्के मानूस कसा आसतो म्याडम?" दडसांनी मला विचारलं. चेष्टेनं नाही, खरंच विचारलं.

गुरुवारपर्यंत त्यांनी सगळ्या चांदण्या फोडल्या. एक राहिली. धोंडाबाई गोरड. साताऱ्याच्या यादीतल्या धोंडाबाईच्या नवऱ्याचं नाव कोरं, कोर्स चालू, तिसरा महिना. सांगलीच्या यादीत दोन धोंडाबाई, त्यातल्या एकीचा कोर्स पूर्ण. शुक्रवारी सॉफ्टवेअर दोघींची एक करणार आणि पाकीट बंद होणार. फोन लागत नव्हता. मेंढरं उंब्रजच्या अलीकडं कुणाच्या रानात बसवलीत एवढं कळलं होतं.

"तुमी चला," दडस म्हणाले. "बाईमानूस आसल्यालं बरं. बायका मला खूण सांगताना लाजत्यात."

उंब्रज माझं माहेर. एसटीनं उतरून आम्ही रानातनं चालत गेलो. उसाचं खोडवं मोडलेलं रान, त्यात मेंढरं बसवलेली, मालकाला तेवढंच खत. मेंढरं कोंडलेल्या जाळीच्या कडेला तीन दगडांची चूल आणि चुलीपाशी एक पस्तिशीची बाई, कपाळ मोकळं. दडसांना बघून ती उठली. "या सायब. ह्या येळेला चार दीस आदुगर आलासा?"

मी दडसांकडं बघितलं. म्हणजे हे दर महिन्याला येत होते तर! ऑफिसात पत्ता नाही. पाकीट पोचवणं हे दुसऱ्याचं काम, यांचं नव्हेच. ते जाळीच्या बाहेर, पार बांधावर जाऊन बसले, चपला काढून.

मी विचारायला लागले. "धोंडाबाई, तुमच्या मालकांचं नाव काय? आमच्याकडं कोरं राहिलंय."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. बराच वेळ. मला वाटलं, नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून थांबलीय. मग तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि म्हणाली, "बिरा. बिरा धुळा गोरड. आता न्हाईत त्ये."

तो रकाना दडसांनीच मुद्दाम कोरा ठेवला असणार, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. नाव लिहायला काढलेलं पेन मी मिटलं.

ती आपणहून सांगत होती. "त्येंचीबी हीच गत झाली. गोळ्या बंद झाल्या. फोन क्येला तर म्हनले बरा झालास. आमाला वाटलं, बरं झालं आसल म्हनूनच बंद क्येल्या आस्त्याल. त्या दिशी त्येंनी कोकरू कापलं, समद्या पालांना जेवान घातलं. म्हनायचं, सरकारच्या कंप्यूटरात आलंय, आता मरत न्हाई मी." मग ती खोकली. बराच वेळ खोकली. "आता माजं तसं करू नगासा. बारकी दोन हायत."

मी ओढणी पिळत नव्हते, साडीचा पदर पिळत होते. तिनं शेळीच्या दुधाचा चहा केला आणि आधी मला दिला. तो मी कसा प्याले, माझं मला माहीत. दडसांनी बांधावरूनच विचारलं, "खूण काय लिवू?" ती म्हणाली, "काय बी लिवा सायब. बिराची बायकू लिवा. दुसरं काय हाय?"

येताना एसटीत दडस खिडकीबाहेर बघत होते. मी म्हटलं, "दडस, मी उद्या सांगणार आहे." "काय सांगनार?" "तुम्हाला माहितीय काय." ते म्हणाले, "उद्याचं उद्या बघू. तिकीट ठिवा नीट, तपासनीस चढलाय."

शुक्रवारी अनिकेतसर आले. तरणा माणूस, वाईट नाही, पण त्याला नकाशा हिरवा पाहिजे होता. लॅपटॉप उघडला, 'खूण' रकाना निवडला आणि म्हणाले, "हे आपण काढतोय." दडस म्हणाले, "काढा. पर धोंडाबाई दोन ठिवा. मी बघून आलोय, ती येगळी हाय. तिला हातानं नंबर द्या."

"दडस, एकीला अपवाद केला की सगळे अपवाद. आणि तुमच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा तर..." त्यांनी फाईल काढली. "हा तुमचाच खुलासा आहे ना?" आणि वाचायला लागले. "'सदर दोन रुग्णांची जोडणी मी एकट्याने केली. मी कुणालाही विचारले नाही. रुग्णाचा फोन आला तेव्हा तो मीच घेतला व त्यास बरा झाल्याचे मीच सांगितले.'"

मी उभी राहिले. खुर्ची मागं सरकल्याचा आवाज झाला. माझं तोंड उघडलं होतं, पहिला शब्द जिभेवर आला होता.

"म्याडम," दडस म्हणाले, सैन्यातल्या आवाजात, माझ्याकडं न बघता. "सायबास्नी च्या सांगा खाली. तीन."

आणि मी गेले. मी उघडलेलं तोंड मिटलं आणि जिना उतरून चहा सांगायला गेले. कुणी मला ढकललं नव्हतं, कुणी दार लावलं नव्हतं. आपल्या पायानं गेले. दहावीची पोरगी डोळ्यापुढं आली आणि गेले.

वर आले तेव्हा ठरून गेलं होतं. धोंडाबाईला हातानं नंबर मिळाला, तिची ओळ वेगळी राहिली. त्या बदल्यात दडसांचा करार संपला. ते तसंच बोलले होते म्हणे, "तिला ठिवा, मला काढा. तुमची गिनती तेवढीच ऱ्हाती." अनिकेतसर चहा न पिताच गेले. दडस दोन कप प्याले आणि म्हणाले, साखर जास्त पडलीय.

जिन्यात मी त्यांना गाठलं. "दडस, मी सांगणार होते."

"म्हायती हाय. म्हनून तर च्या सांगितला."

"तुम्ही असं का केलंत? चूक माझी होती. एकच असणार असं मी म्हणाले."

"बटन कुनी दाबलं?" ते म्हणाले. "मला पेन्शन हाय, म्याडम. घरात मी एकटा, बायकू जाऊन सात वर्सं झाली. मला काढलं तर कोन उपाशी ऱ्हातंय? तुमच्या पोरी शिकू द्या." मग पिशवी खांद्याला मारली. "सोमवारी धोंडाबाईचं पाकीट जायला पायजे. तेवढं इसरू नका."

सोमवारी पाकीट मी स्वतः घेऊन गेले. मेंढरं पुढच्या रानात सरकली होती. धोंडाबाईनं गोळ्या मोजून घेतल्या, पदराला गाठ मारली, आणि माझ्या मागं बघत विचारलं, "सायब न्हाई आला?"

मी म्हटलं, "ते आता येणार नाहीत. त्यांना काढलं." आणि मग तिथंच, उभ्या उभ्या, एका दमात सांगून टाकलं. "बाई, तुमच्या मालकांशी फोनवर बोलले ती मी. बरे झालात असं मी सांगितलं त्यांना. साहेबांनी नाही, मी." मला वाटलं, आता ही शिव्या देईल, हातातलं लाकूड मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "ठावं हाय."

"कसं?"

"त्ये फोन कानाला लावून बोलत हुतं तवा मी शेजारीच हुती, समदं ऐकलं. बाई हुती. सायब पयल्यांदा आला तवा म्हनला, फोन म्याच घेतला हुता. आता त्येचा आवाज ह्यो आसा, रेड्यावानी! मी काय येडी हाय व्हय? पर म्हनलं, येवढा मोठा मानूस खोटं बोलतोय, बोलू दे." तिनं चुलीवर भांडं ठेवलं. "आन त्या दिशी तुमी आला, मालकाचं नाव इचारलं. तवाच आवाज वळखला."

मला आठवलं, ती किती वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिली होती.

"मग बोलला का नाहीत?"

"बोलनार हुती. लय काय काय तोंडात आलं हुतं." तिनं मागच्या रानाच्या बांधाकडं बोट केलं, आता तिथं कुणी नव्हतं. "पर तुमच्या पाठीमागं सायब हात जोडून हुबा हुता."